किशोरवयीन फँटसीवरून वाचनगटात दोन तट पडले, तर चर्चा पुन्हा कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या वाचनगटात सोळा वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे आहेत. या वेळी तरुण सदस्यांच्या आग्रहाखातर एक यंग अडल्ट फँटसी, म्हणजे किशोर वाचकांसाठी लिहिलेली, जादूच्या जगातली कादंबरी वाचली. भेटीच्या सुरुवातीलाच प्रत्येकाने पाचपैकी गुण दिले. मग वाद पेटला आणि "हे मुलांचं पुस्तक आहे, पुन्हा असलं नको" विरुद्ध "तुम्हाला ते कळलंच नाही" असा सामना होऊन मंडळी उठली. आता हेच पुस्तक पुढच्या भेटीत पुन्हा घ्यावं का, आणि घेतलं तर कसं, असं तुम्ही विचारलंय.

जरूर घ्या. अनेक वर्षं वाचनगट चालवल्यानंतर माझं ठाम मत झालंय की मतं इतकी फाटतात तेव्हा पुस्तकात बोलण्यासारखं बरंच शिल्लक असतं. तुमची भेट गुणांपाशी अडली. एकदा का माणसाने सगळ्यांसमोर "मी दोन देतो" म्हटलं, की पुढचा वेळ तो त्या दोनाची वकिली करण्यात घालवतो. मग पुस्तक बाजूला राहतं आणि आपली अभिरुची सांभाळणं सुरू होतं. म्हणून पुढच्या भेटीत गुण नकोत, आणि "आवडलं का?" हा प्रश्नही अगदी शेवटी. सुरुवातीला प्रत्येकाला एकच विचारा: तुमचा विश्वास कुठल्या पानावर उडाला, किंवा कुठल्या पानावर पक्का बसला? ज्याला जे म्हणायचंय ते त्याने पानावर बोट ठेवून म्हणावं. तुम्ही कळवलेली जवळजवळ प्रत्येक तक्रार या एका प्रश्नाने बोलण्याजोगी होते. कशी, ते सांगते.

कादंबरीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण पुढे शेवटाबद्दल उघड बोलायचंय. न वाचलेल्यांसाठी एवढंच: एका शहरात जादू करता येते, पण प्रत्येक जादूची किंमत म्हणून करणाऱ्याची एक आठवण कायमची जाते. सोळा वर्षांची नायिका धाकट्या भावाला कैदेतून सोडवण्यासाठी जादू शिकते. कथा तीच सांगते, प्रथमपुरुषी आणि चालू वर्तमानकाळात. तीन भागांतला हा पहिला भाग.

आधी "हे मुलांचं पुस्तक आहे" याबद्दल. हे वाक्य ऐकलं की तरुण सदस्य दुखावतात आणि ज्येष्ठांना आपण अगदी साधी गोष्ट बोललो असं वाटतं. दोघांनाही थोडी माहिती द्या. किशोरांसाठी वेगळं वाचन असावं हा विचार ग्रंथपालांनी लावून धरला. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्यासाठी १९५७ साली स्वतंत्र विभागच काढला. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, एस. ई. हिंटन या मुलीची पहिली कादंबरी आली. ती शाळेत असतानाच लिहायला घेतलेली होती, आणि किशोरांचं जग आतून दाखवणारं लेखन म्हणून आजही तिचं नाव घेतात. वाचक कोण, हे मात्र पुढे बदलत गेलं. २०१२ साली बाउकर या पुस्तक-व्यवसायाची माहिती गोळा करणाऱ्या संस्थेने अमेरिकेत पाहणी केली, तेव्हा बारा ते सतरा वयासाठी म्हणून निघालेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे निघाले, आणि त्यातल्या बहुतेकांनी ती स्वतःसाठी घेतली होती. तेव्हा मोठ्यांनी असं पुस्तक हातात घेणं यात वेगळं काही नाही.

पण आकडे सांगून कुणाचं मत बदलत नाही आणि ते बदलायचंही नाही. त्या वाक्याखाली एक खरा अनुभव दडलेला असतो, तो बाहेर काढायचा. मोठा वाचक साधारणपणे असं पुस्तक वाचतो ज्यात निवेदकाला घडून गेलेल्या गोष्टीकडे मागे वळून पाहायला सवड असते. "तेव्हा मला ठाऊक नव्हतं" असं म्हणणारा आवाज त्याच्या ओळखीचा असतो. यंग अडल्ट लेखनात बहुधा ही सवड नसते. प्रसंग घडतोय, मुलगी पहिल्यांदाच घाबरतेय, पहिल्यांदाच फसतेय, आणि तिच्यापेक्षा शहाणा असा कुणीही तिथे बोलत नाही. ज्याला हे अंतर हवं असतं त्याला तो आवाज कच्चा वाटतो. म्हणून मी अशा वेळी गटाला विचारते: हीच गोष्ट नायिकेने वयाच्या चाळिसाव्या वर्षी सांगितली असती, तर काय मिळालं असतं आणि काय गेलं असतं? या प्रश्नावर "मुलांचं आहे" म्हणणारे सदस्य सगळ्यात चांगलं बोलतात, असं मी पुन्हापुन्हा पाहिलंय. आपल्याला नेमकं काय खुपलं हे सांगायला त्यांना शब्द मिळतात.

यालाच लागून पुढची तक्रार: "नायिका मूर्खासारखे निर्णय घेते." इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पात्र चुकतं ही एक, आणि कथानक पुढे सरकावं म्हणून लेखक पात्राला चुकवतो ही दुसरी. दोन्हींचा राग सारखाच येतो, पण पहिलं लेखनाचं बळ असू शकतं आणि दुसरं नक्कीच उणेपण आहे. तपासायचं कसं? ज्या पानावर निर्णय होतो तिथे थांबायचं आणि त्या क्षणी तिला काय काय ठाऊक आहे याची यादी गटाने मिळून करायची. फक्त तिला ठाऊक असलेलं. वाचक म्हणून आपल्याला समजलेलं त्यात घ्यायचं नाही. तुमच्या गटाचा राग मुख्यतः आठव्या प्रकरणावर आहे, जिथे ती वैद्यबाईंना आपल्या विसरण्याबद्दल सांगत नाही. यादी केलीत तर दिसेल की वैद्यबाई चांगल्या आहेत हे आपल्याला पुढे दुसऱ्या पात्रांच्या बोलण्यातून कळतं. नायिकेने त्यांना जेमतेम एकदा पाहिलंय, तेही पहारेकऱ्यांशी हसून बोलताना. त्या जागी तिचं गप्प राहणं मला पटतं. याउलट चौदाव्या प्रकरणात ती नकाशा तळघरात विसरते, ते मला पटत नाही. नकाशा विसरण्यामागे ना भीती आहे ना गेलेली आठवण. पाठलाग सुरू व्हायला हवा म्हणून तो तिथे राहतो. दोन्ही पानं शेजारी ठेवून बोललात तर "मूर्ख" हा शब्द आपोआप मागे पडेल.

आता जादूच्या नियमांवरचा वाद. तुमच्या भेटीतला हा सगळ्यात मोलाचा भाग होता आणि तिथेच तुम्ही लवकर पुढे सरकलात.

वाद असा: सबंध पुस्तकभर जादूसाठी घडून गेलेली आठवण द्यावी लागते, आणि शेवटच्या झुंजीत नायिका अजून न घडलेल्या गोष्टीची आठवण देऊन टाकते आणि जिंकते. निम्मी मंडळी म्हणाली, ही फसवणूक आहे. उरलेले म्हणाले, फँटसीत काहीही चालतं.

दुसरं म्हणणं आधी बाजूला करा. फँटसीत काहीही चालत नाही. खरं तर वास्तववादी कादंबरीपेक्षा तिथे शिस्त जास्त लागते. इंग्रज कवी कोलरिजने १८१७ मध्ये लिहिलं की वाचक आपण होऊन अविश्वास बाजूला ठेवतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन याला हे अपुरं वाटलं. १९३९ च्या परीकथांवरच्या व्याख्यानात त्याची मांडणी अशी होती की लेखक एक दुय्यम जग उभं करतो, आणि त्या जगाच्या नियमांनुसार जे घडतं त्यावर आत असेपर्यंत आपण खरोखर विश्वास ठेवतो. अविश्वास जागा झाला की जादू संपली. मग आपण बाहेर उभे राहून आत पाहत असतो. तुमच्या गटातल्या निम्म्या लोकांचं शेवटच्या प्रकरणात हेच झालं. हल्लीच्या फँटसी लेखकांपैकी ब्रँडन सँडरसन याने २००७ मध्ये हीच गोष्ट लेखकाच्या बाजूने मांडली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की जादूने पेच सोडवण्याचा लेखकाचा अधिकार, वाचकाला ती जादू किती समजली आहे त्या प्रमाणात असतो. जादू गूढ ठेवायची असेल तर खुशाल ठेवावी, पण मग तिच्या जिवावर शेवट सोडवू नये.

या कसोटीवर आपली कादंबरी लावून पाहू. शेवटाची तयारी आधी कुठे आहे का? आहे. तिसऱ्या प्रकरणात नायिका नदी ओलांडते तेव्हा म्हातारा नावाडी गारठलेल्या प्रवाशांसाठी जादूने शेगडी पेटवतो आणि म्हणतो की आज लेकीचं लग्न देऊन टाकलं. पुढच्याच परिच्छेदात त्याची लेक होडीत बसलेली दिसते, आठ-नऊ वर्षांची, दोरीशी खेळणारी. एवढंच. नायिकेला त्यात काही वावगं वाटत नाही, ती भावाच्या काळजीत आहे, आणि बहुतेक वाचकही तिच्याबरोबर पुढे जातात. म्हणजे न घडलेल्या गोष्टीची आठवण देता येते हे लेखिकेने तिसऱ्या प्रकरणातच दाखवून ठेवलंय.

तुमच्या पत्रात अगदी शेवटी, सहज लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: भेट संपल्यावर खुर्च्या आवरताना सोळा वर्षांची मुलगी तुम्हाला म्हणाली, "पण नावाड्याची मुलगी लहान होती ना?" सगळ्या चर्चेतलं सर्वांत बारकाईचं वाचन हे होतं, आणि ते चर्चा संपल्यावर झालं. पुढच्या भेटीची सुरुवात याच पानाने करा. तिला आधी विचारा, तिची हरकत नसेल तर तिनेच ते दोन परिच्छेद मोठ्याने वाचावेत.

पण तिथेच थांबू नका, नाहीतर "बघा, होतं की नाही!" म्हणून एक बाजू जिंकल्यासारखं होईल. तयारी सापडली तरी तक्रार मिटत नाही, आणि माझ्या मते मिटूही नये. या पुस्तकात प्रत्येक जादूची किंमत आपल्याला दिसते. नायिकेने एक आठवण दिली की पुढे कुठेतरी तिच्या बोलण्यात, चालण्यात खड्डा पडलेला दिसतो. शेवटच्या जादूची किंमत मात्र दिसत नाही, कारण जे गेलं ते अजून घडलेलंच नव्हतं. शिवाय पुस्तक तिथेच संपतं. म्हणजे नियम मोडलेला नाही, पण हिशेब पुढच्या भागावर ढकललाय. ज्यांना फसवणूक वाटली त्यांचं मन बरोबर ठिकाणी खटकलं होतं, कारण मात्र त्यांनी वेगळं सांगितलं. नावाड्याचं उदाहरण इथेही घेता येईल: लेकीच्या लग्नाची आठवण दिलेला बाप लेकीकडे बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत काय असेल? लेखिकेने एक ओळ तिथे लिहिली असती तर शेवट कितीतरी भक्कम झाला असता. गटाला ती ओळ लिहायला सांगा. प्रत्येकी एक वाक्य. लेखनाची सवय नसलेले लोकही हे मनापासून करतात, आणि नियम व किंमत यांतला फरक त्यांना लिहिता लिहिता कळतो.

फँटसीत जादूची किंमत एवढी महत्त्वाची का, असं कुणी विचारलंच तर अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनचं नाव घ्या. मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा असं प्रकाशकाने सुचवल्यावर, पांढऱ्या दाढीचे जादूगार तरुणपणी कसे असतील, ते शिकले कुठे, या कुतूहलातून तिची अर्थसी मालिका उभी राहिली. पहिलं पुस्तक १९६८ चं. त्यात दाखवण्यासाठी, अहंकारापोटी केलेली जादू त्या मुलाच्या मागे लागते. शक्ती वापरणं आणि तिचे परिणाम आपलेच म्हणून पत्करणं, हा किशोरवयाचाच विषय आहे. म्हणून या वयाची कथा आणि ही जातकुळी एकमेकींना इतकी जुळते.

प्रेमाच्या त्रिकोणाबद्दल फार वेळ घालवू नका. तो सरधोपट आहे, दुसरा मुलगा काढून टाकला तरी कथेचं काही बिघडत नाही, आणि तरुण सदस्यांनाही तो फारसा आवडलेला नाही असं तुम्हीच लिहिलंय.

त्याऐवजी आजोबांच्या पानाला वेळ द्या. तुम्ही लिहिलंय की सत्तरीचे सदस्य "मला एका ठिकाणी फार वाईट वाटलं" एवढंच म्हणाले, आईच्या गाण्याचा उल्लेख केला, आणि गट पुढच्या मुद्द्यावर गेला. ते पान मी पुन्हा काढून पाहिलं. पहिल्या प्रकरणात वाक्य आहे: स्वयंपाकघरात आई गुणगुणत असते. अकराव्या प्रकरणात तोच प्रसंग नायिकेला आठवतो, तीच खिडकी, तोच उजेड, आणि वाक्य येतं: आत कुणीतरी गुणगुणत असतं. आठवण गेली असं कुठेही म्हटलेलं नाही. नायिकेला तर कळणंच शक्य नाही, कारण जे विसरलं ते विसरलंय हे तरी तिला कसं ठाऊक असणार? एक शब्द बदलतो आणि तिचं काय हरवलं ते फक्त वाचकाला दिसतं. कादंबरीतली सर्वांत उत्तम कारागिरी मला इथे दिसते. आणि मघाचा चाळिशीचा प्रश्नही इथे सुटतो: मागे वळून पाहणाऱ्या निवेदकाला हे वाक्य असं लिहिताच आलं नसतं.

आपल्या काव्यशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर अद्भुत रसाचा स्थायिभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय, आणि करुण रसाचा शोक. हे पुस्तक वाचकाला विस्मयाच्या वाटेने आत नेतं आणि नकळत शोकापाशी आणून सोडतं. ज्यांनी ते फक्त अद्भुत म्हणून वाचलं त्यांना जादूचे नियम दिसले, आजोबांना गेलेली आई दिसली. दोन्ही पुस्तकातच आहे.

"मला वाईट वाटलं" यावर बोलायचं काय, असं पुष्कळ गटप्रमुखांना वाटतं आणि ते घाईने विषय बदलतात. साहित्य कसं शिकवावं याच्या अमेरिकन अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९३८ पासून आग्रहाने मांडलं की साहित्याचा अर्थ वाचक आणि संहिता यांच्या देवघेवीत घडतो. वाचकाची प्रतिक्रिया तिथे फालतू नसते, पण ती पुन्हा संहितेशी ताडून पाहायची असते. म्हणजे आजोबांना "का वाईट वाटलं?" म्हणून खोदायचं नाही. त्यात त्यांचं खाजगी काही असेल, ते सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. त्यांना म्हणायचं, "ते पान दाखवा ना." पान समोर आलं की बोलणं सगळ्यांचं होतं आणि माणूस उघडा पडत नाही. इंग्रज बालसाहित्यिक एडन चेंबर्स यांनी मुलांबरोबरच्या पुस्तकचर्चांवर १९९३ मध्ये जे पुस्तक लिहिलं त्यात "का?" हा प्रश्न टाळून "मला सांग" म्हणा, असा सल्ला आहे. "का" ऐकलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा आखडतो. त्यांचे चार साधे प्रश्न मी मोठ्यांच्या गटातही वापरते: काय आवडलं, काय नावडलं, काय कोड्यात टाकून गेलं, आणि कुठली गोष्ट पुन्हापुन्हा येताना दिसली. यातले शेवटचे दोन आधी विचारा. कोडं सांगताना कुणालाच शहाणं दिसावं लागत नाही, त्यामुळे अशा ताणलेल्या गटात ते फार उपयोगी पडतात.

तरुण सदस्य गप्प बसले याचं तुम्हाला वाईट वाटलंय. ते साहजिक आहे, पण उपाय म्हणून "तुमच्या पिढीला काय वाटतं?" असं चुकूनही विचारू नका. सोळा वर्षांच्या मुलीला एका पिढीची प्रवक्ती केलं की तिचं स्वतःचं वाचन मागे पडतं. तिला नावाडी दिसला तो बारकाईने वाचल्यामुळे, वयामुळे नव्हे. बोलण्याचा क्रम बदला, एवढं पुरतं. पहिल्या फेरीत वयाने लहान आधी, प्रत्येकाने आपलं पान सांगायचं आणि कुणीही त्यावर लगेच बोलायचं नाही. फेरी पूर्ण झाल्यावर मगच उत्तरं-प्रत्युत्तरं. जो सदस्य सगळ्यात तावातावाने "मुलांचं पुस्तक" म्हणाला, त्याच्याकडे पानं टिपून घेण्याचं काम द्या. कुठली पानं दोघा-तिघांनी सांगितली हे त्याला आधी दिसेल, आणि ती पानं बहुधा दोन्ही तटांतल्या लोकांची असतील. माझ्या अनुभवात ज्या पानावर एकाचा विश्वास उडतो, त्याच्याच आगेमागे दुसऱ्याचा पक्का बसलेला असतो.

राहता राहिला अर्धवट शेवट, आणि दुसरा भाग गटाने घ्यावा का हा तुमचा प्रश्न. शेवटाबद्दल बोलताना घटना अपुऱ्या राहिल्या आहेत की मूळ प्रश्न अपुरा राहिलाय, हे वेगळं करा. भाऊ सुटतो, म्हणजे ज्यासाठी ती निघाली ते झालं. दाराशी सैन्य उभं आहे, ही पुढच्या भागाची जाहिरात आहे आणि त्यावर चिडण्याचा वाचकाला हक्क आहे. पण भाऊ समोर आल्यावर ती त्याला किती ओळखते, हा पुस्तकाने पहिल्या पानापासून लावून धरलेला प्रश्न, आणि त्याचं उत्तर शेवटच्या संवादात आहे की नाही यावर तुमच्या गटात चांगली अर्धा तास चर्चा होईल. मला ते उत्तर आहे असं वाटतं. ती त्याला लहानपणीच्या लाडक्या नावाने हाक मारत नाही, हे पाहा.

दुसरा भाग मात्र सगळ्या गटावर लादू नका. ज्यांना वाचायचाय ते वाचतील, आणि शेवटच्या जादूची किंमत त्यात चुकती झाली का, एवढं पुढच्या एखाद्या भेटीत दहा मिनिटांत सांगतील. गटासाठी पुढचं पुस्तक निवडताना पाळी ज्येष्ठांना द्या. या वेळी तरुणांची निवड मोठ्यांनी शेवटपर्यंत वाचली होती, तेव्हा तरुणही ज्येष्ठांची निवड वाचतील.